पाचगणीत दोन तासांचा जलरंग वर्ग : करावा का?

प्रश्न : ताई, डिसेंबरमध्ये मुलीच्या कुटुंबाबरोबर चार दिवस पाचगणीला जाणार आहे. आम्ही उतरणार आहोत तिथेच सकाळी दोन तास, अगदी नवशिक्यांसाठी, जलरंगांचा वर्ग असतो. शाळा सुटल्यापासून मी ब्रश हातात धरलेला नाही. आता वय ६३. जावई म्हणतात, दोन तासांत काय येणार? जावं का? आणि नातवाची रंगपेटी चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जरूर जा. जावईबापूंचं म्हणणं रास्त आहे, दोन तासांत चित्रकला येत नाही. पण पाण्याची ओळख होते, आणि जलरंगात सगळी मदार पाण्यावर असते. सदाशिव पेठेतल्या माझ्या वर्गात नवीन आलेल्यांना मी पहिल्या दिवशी एकच रंग देते, तो याचसाठी.

हे शिकायला डोंगरासारखी जागा नाही. पारसी पॉइंटवर उभ्या राहून बघा. खाली धोम धरणाचं पाणी, पलीकडे एकामागे एक रांगा. जवळच्या डोंगरावरची झाडं ओळखू येतात, मागचा फिका, शेवटचा तर आकाशात मिसळलेला. मधली हवा जितकी जास्त, तितका निळा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून लांबचे डोंगर निळे आणि फिके दिसतात. हे रंगवायला फार रंग लागत नाहीत. अल्ट्रामरीन निळ्यात थोडी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळली की सुंदर करडा होतो. दूरच्या रांगेला त्यात भरपूर पाणी, मग पुढच्या प्रत्येक रांगेला कमी कमी. एक रांग पुरती वाळल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. रंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा ओला असताना थोडा गडदच वाटू द्या.

आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, मात्र शिक्षकांसमोर करून घ्या. कागदाच्या पॅडच्या वरच्या कडेखाली वही सरकवून त्याला उतार द्यायचा. भरलेला ब्रश या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच न्यायचा. फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगीत पाणी साचून राहतं. पुढचा फटकारा त्याला टेकवूनच मारायचा, म्हणजे ते पाणी आपसूक खाली उतरतं आणि मधे रेघ दिसत नाही. शेवटी उरलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचं. आणि मग हात मागे! अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याचा थेंब पडला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो.

टेबललँडच्या पठारावर बसवणार असतील तर वाऱ्याचं बघा. थंडीतल्या कोरड्या वाऱ्यात वॉश मधेच वाळतो आणि नको तिथे कड धरतो. व्हरांडा उत्तम. पावसाळ्यात त्याच गावात कागद वाळता वाळत नाही, त्यामुळे तुमचा महिना अगदी योग्य आहे.

पैसे भरण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा : एका वेळी किती जण असतात, आणि कागद कुठला देतात. आठ-दहा जणांपुढे शिक्षक प्रत्येकापाशी येऊ शकतात. तयार रेखाटनात नुसते रंग भरायला देणार असतील तर मी तरी जाणार नाही. त्यात डोंगराकडे बघायची गरजच उरत नाही.

नातवाच्या पेटीतल्या वड्या सुरुवातीला चालतील. कागदात काटकसर नको. चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद ओला झाला की फुगतो, रंग खळग्यांत साचतो, आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या दुकानांत ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागदाचा, छोटा पॅड मागा, पोस्टकार्डाहून जरा मोठा. सोबत आठ नंबरचा गोल ब्रश, मास्किंग टेप, जुनं सुती फडकं आणि पाण्याला दोन भांडी : एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचं.

परत आल्यावर आठवडाभरातच एखाद्या सकाळी वेताळ टेकडीवर जा. तिथून सिंहगडाकडचे डोंगर दिसतात. तोच करडा, त्याच रांगा, पुन्हा एकदा करा. नातू येत असेल तर त्यालाही न्या, फक्त त्याला स्वतंत्र कागद द्या आणि त्याच्या चित्रात ब्रश घालू नका.