बडोद्यात सोसायटीच्या नाताळ कार्यक्रमात मुलांकडून इंग्रजी गाणी बसवायची आहेत. अमेरिकन गायिका मरायाह कॅरीचा अल्बम चालेल का?

चालेल, १९९४चा 'मेरी ख्रिसमस' ऐका. त्यात 'सायलेंट नाइट', 'ओ होली नाइट' अशी पारंपरिक गाणी आहेत आणि काही नवीही. खरा भाव खाल्ला तो नव्या 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू'नं. कॅरी आणि वॉल्टर अफानासिएफ यांनी लिहिलेलं हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अव्वल आलं ते थेट २०१९मध्ये!

मुलांना मात्र 'सायलेंट नाइट'च द्या. चाल संथ, सोपी. 'ओ होली नाइट'च्या वाटेला जाऊ नका, शेवटच्या चढ्या सुरांत मोठ्यांचीही भंबेरी उडते. आणि कॅरीबाईंच्या पट्टीत गायचा हट्ट नको. पेटीवाल्या काकांना मुलांचा आवाज ऐकवून पट्टी ठरवून घ्या.