भरताचं वांगं भाजायला ठेवलं की ते घराबाहेर पडायचे

“मॅडम, यांना वेड तर लागत नाहीये ना?” अग्निशमन दलातल्या जवानांच्या बायका हे मला हळू आवाजात विचारतात, नवरा चपला घालायला बाहेर गेला की. त्यांच्यापैकी एका जोडप्याची ही हकिगत. दोघांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.

दादांची नोकरी 17 वर्षांची. जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या आगीनंतर चार महिन्यांनी आले. “झोपेची गोळी द्या, बाकी काही नाही.” गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, मी नाही, मी बोलून उपचार करते, असं सांगितल्यावर दादा उठलेच. तेवढ्यात ताई म्हणाल्या, “भरताचं वांगं गॅसवर ठेवलं की हे घराबाहेर जातात. मी भरीत करणंच सोडलंय.” ते परत बसले.

मग एकेक निघत गेलं. आग लागली त्या भद्रकाली भागाचा रस्ता टाळून लांबून घरी जाणं. फोन वाजला की छातीत धडधड. मुलीने मागून हाक मारली तरी तिच्यावर खेकसणं. आणि झोप यावी म्हणून दारू. दारूने डोळा लागतो, पण पहाटे झोप मोडते आणि स्वप्नं जास्तच छळतात.

हे वेड नव्हे. आगीचा कॉल संपला तरी डोक्यातली घंटा वाजत राहिलेली असते. भयंकर काही पाहिल्यावर सुरुवातीचे काही आठवडे बऱ्याच जणांना असं होतं आणि हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही ओसरलं नाही, घर आणि ड्युटी दोन्ही अवघड होऊ लागली, तर पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर तणाव विकार आहे का, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं. त्यावर उपचार आहेत. आमच्या जवानांच्या वाट्याला नुसती आग येत नाही. गोदावरीत बुडालेल्यांना बाहेर काढायलाही तेच उतरतात. “मनाला लावून घेऊ नको” हा सीनियरांचा सल्ला प्रेमाचाच असतो, पण 17 वर्षांचं ओझं त्याने हलकं होत नाही.

दादांच्या मनात एकच वाक्य रुतलं होतं: “दोन मिनिटं आधी पोचलो असतो तर पोरगं वाचलं असतं.” तुमची चूक नाही, असं मी एकदाही म्हटलं नाही. सगळे तेच सांगत होते आणि त्यांना ते पटत नव्हतं. मी त्यांना डोळे मिटून ती रात्र पहिल्या घंटेपासून सांगायला लावली, आत्ता घडत असल्यासारखी. दर भेटीत पुन्हा. पाचव्या खेपेला ते मध्येच थांबले. बोळात दुचाकी उभ्या होत्या, बंब चौकातच अडला, होज, म्हणजे पाण्याचा पाइप, हाताने ओढत नेला. आत शिरले तेव्हा सागवानी जिना आधीच कोसळला होता. हे सगळं त्यांच्या हिशेबातून गळून गेलं होतं. बोटांवर मिनिटं मोजली आणि खूप रडले.

“साहेबांना कळलं तर?” ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय. कुणाच्या जिवाला धोका असणं, असे मोजकेच अपवाद. आणि समोर येऊन बसायला संकोच वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर रात्रीबेरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीत.

दारू थांबली आहे. झोप सलग पाच तासांवर आली आहे. घरात पुन्हा भरीत होतं. वांगं भाजताना दादा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात, मुलगी सोबत असते. तो बोळ मात्र अजून राहिलाय. बुधवारी दादा आणि ताई त्याच्या तोंडापर्यंत जाणार आहेत, तिथे दहा मिनिटं थांबून परत यायचं ठरलंय.