वाचकांचे प्रश्न: महाराजांच्या तोंडी 'खबर' चालेल का?

प्रश्न: ताई, शिवकाळावरची एक मालिका आम्ही घरात सगळे मिळून बघतो. परवा महाराज 'खबर पक्की आहे का' म्हणाले तर बाबा चिडलेच, म्हणाले त्या काळची मराठी शुद्ध होती, हे फारसी शब्द कशाला घुसवतात. मला वेगळंच खटकलं, सिंधुदुर्ग बांधतायत त्या सीनमधला तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, थेट पुण्यात वाढल्यासारखा बोलतो. बरोबर कोण?
– एक वाचक, मालवण

उत्तर: तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलं. बाबांचं मला पटत नाही, पण त्यांच्याशी भांडू नका, जड संस्कृत शब्द म्हणजे जुनी मराठी हे नाटक-सिनेमांनीच आपल्या डोक्यात बसवलंय.

१६७३ सालचं महाराजांचं एक पत्र आहे, चिपळूणकडे छावणीला असलेल्या लष्करातल्या अधिकाऱ्यांना. गवत-दाणा जपून वापरा, रात्री दिवा ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, आणि रयतेला काडीचाही आजार देऊ नका. इथे आजार म्हणजे ताप-खोकला नाही हां, आजार म्हणजे त्रास, फारसीतला मूळ अर्थच तो, आणि रयत अरबीतून आलेला. इतक्या मायेच्या पत्रात हे शब्द किती सहज येतात बघा. राज्याभिषेकानंतर महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश करून घेतला, म्हणजे तोवर कारभारात फारसी केवढी मुरली असेल! पेशव्याचा पंतप्रधान, सरनौबताचा सेनापती झाला तो १६७४ च्या सुमाराला, म्हणून त्याआधीच्या सीनमध्ये नेताजी पालकरांना कोणी 'सेनापती' म्हटलं की मला टोचतं. 'खबर' अजिबात टोचत नाही.

खरी चूक होते ती मावळ्याच्या तोंडी 'हुतात्मा' किंवा 'दिनांक' आला की. हे शब्द रूढ झाले सावरकरांच्या भाषाशुद्धीमुळे, आणि ती चळवळ त्यांनी चालवली १९२४ नंतर आपल्याच रत्नागिरीत राहून. 'एक मिनिट थांब' पण नको, चोवीस मिनिटांची घटका आहे, पळ आहे, ते वापरा की.

आता तुमचा तांडेल. बाबांना एकदा जेटीवर न्या आणि नुसती होडी दाखवा, सुकाणू अरबी, नांगर फारसी 'लंगर'मधला, खलाशी पण बाहेरूनच आलेला, आणि आरमार तर पोर्तुगीज. या किनाऱ्याला शेकडो वर्षं परमुलखातली गलबतं लागत होती, त्यांच्याबरोबर शब्दही उतरले. १६६४ ला सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं तेव्हाची इथली बोली अगदी आजच्या मालवणीसारखी होती असं नाही म्हणणार मी, पण 'वारा फिरला' पेक्षा 'वारो फिरलो' त्या तांडेलाच्या तोंडात कितीतरी जास्त बसतं, आणि सातारच्या नाहीतर नागपूरच्या प्रेक्षकालाही ते कळतं, मग अडतंय कुठे? लेखकांनी मालवणात येऊन चार म्हाताऱ्या खलाशांबरोबर एक दुपार बसावं. तुम्ही चॅनलला हे लिहून कळवाच, आणि पत्रावर बाबांची पण सही घ्या.