प्लेटिंगच्या जुन्या शेडखाली काय दडलंय?

प्रश्न : ठाण्यात वडिलांचा क्रोम-निकल प्लेटिंगचा कारखाना होता. जागा वीस गुंठे, काम पंचवीस वर्षं चाललं, आता बंद आहे. बिल्डर म्हणतो, वरची तीन फूट माती उचलून मुरूम टाकला की झालं. खरंच भागेल का?

उत्तर : नाही भागणार. क्रोमच्या हौदातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं जास्त विषारी रूप, पाण्यात सहज विरघळतं आणि मातीला फारसं चिकटत नाही. सांडलेलं पाणी फरशीच्या सांध्यातून, फुटक्या चेंबरमधून भरावात, मग मुरमात आणि शेवटी काळ्या दगडाच्या भेगांत उतरतं. वरची तीन फूट माती स्वच्छ आणि खालची तीन मीटर खराब, असं या धंद्यात हमखास आढळतं.

आधी शेडमध्ये एक चक्कर मारा. पावसाळा संपून भिंती वाळल्या की जोत्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पिवळसर हिरवी पूड फुललेली दिसते का ते पाहा. जमिनीतलं पाणी भिंतीत चढून सुकतं आणि क्रोमेट, म्हणजे त्याच क्रोमियमचा क्षार, मागे ठेवून जातं. त्या पुडीला हात लावू नका, झाडूनही काढू नका. फोटो काढून जागा नकाशावर मांडा.

मग कागद गोळा करा : मंजूर बांधकाम नकाशा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रं, घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रं. आणि जुन्या कामगारांना जागेवर बोलवा. हौद कुठे होते, गाळ कुठे सुकवायचे, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) बंद असली की पाणी कुठे सोडायचे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. कॉपर किंवा झिंकसाठी सायनाइड वापरलं होतं का, आणि भाग धुवायला ट्रायक्लोरोइथिलीन होतं का, हे दोन प्रश्न विसरू नका. ट्रायक्लोरोइथिलीनचं वजन पाण्याच्या जवळपास दीडपट असतं. ते भूजलाच्याही तळाला जाऊन बसतं, वरून काढलेल्या नमुन्यात सापडतच नाही.

वीस गुंठे म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. १५ मीटरच्या जाळीत नऊ-दहा छिद्रं बसतात. त्यांखेरीज हौद, गटार, गाळाचा ओटा, ईटीपी आणि रसायनांची खोली इथे प्रत्येकी एक घ्या. प्रत्येक छिद्रातून पहिल्या फुटातली, १ मीटर, २ मीटर आणि मुरूम-दगडाच्या सांध्यावरची माती वेगवेगळी भरून घ्या. भूजलासाठी निदान तीन निरीक्षण-विहिरी त्रिकोणात हव्यात, नाहीतर पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते कळत नाही. पाण्याचे नमुने मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा घ्या.

चुका नेहमीच्याच होतात. चार ठिकाणची माती एकत्र करून एकच नमुना पाठवला, तर बाकी तीन जागा स्वच्छ असताना एका जागचं ४०० अहवालात १०० दिसतं. बोअर पाणी मारून घेतला, तर शोधायचं तेच धुऊन जातं. प्रयोगशाळेने हेक्साव्हॅलंटसाठी माती आम्लात विरघळवली, तर आकडा खोटा कमी येतो. ही चाचणी अल्कलीतच करायची असते, आणि हे ऑर्डरमध्ये लिहून द्यायला हवं. सायनाइडच्या पाण्यालाही आम्ल घालायचं नाही, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ च्या वर न्यायचा.

प्रश्न : अहवाल आला आहे. हौदाखालच्या अंदाजे १०० घनमीटर मातीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम किलोला ३०० मिलिग्रॅम आहे. उचलून पाठवावी की जागीच उपाय करावा?

उत्तर : एवढी माती म्हणजे साधारण १६० टन, आणि त्यात ४८ किलो क्रोमियम. जागीच उपाय म्हणजे फेरस सल्फेट मिसळून त्याचं कमी विषारी, न वाहणाऱ्या त्रिसंयुजी रूपात रूपांतर करणं. हिशेबाने एक किलो क्रोमियमला १६ किलो हिराकस (बाजारातलं फेरस सल्फेट) लागतो, म्हणजे सुमारे ७७० किलो. पण मातीतली हवाही त्यातला बराच खाते, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट धरा : दीड ते सव्वादोन टन. आधी बादलीभर मातीवर प्रयोग करा, ओल टिकवा, ७ आणि २८ दिवसांनी पुन्हा तपासा. आकडा वर चढला तर मिश्रण नीट झालं नाही असं समजा. चिकणमातीचे गोळे आतून तसेच राहतात.

दोन गोष्टींबद्दल आग्रहाने सांगायला हवं. फेरस सल्फेटमुळे माती आम्लधर्मी होते, म्हणून सायनाइड असलेल्या मातीत ते आधी तपासल्याशिवाय घालू नका, विषारी वायू सुटतो. आणि त्यातलं सल्फेट काँक्रीटला खातं, तेव्हा पायाच्या रचनाकाराला हे आधीच कळवा.

लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिम्पिक पार्कसाठी माती जागेवरच धुऊन बहुतेक तिथेच वापरली, हे उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. पण धुणं वाळू-खडीला लागू पडतं. खाडीकाठच्या चिकणमातीत दूषण बारीक कणांनाच धरून बसतं. तिथे पैसे वाया जातात.

उचलायचीच ठरली, तर ती घातक कचरा म्हणून तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत प्रकल्पातच, फॉर्म १० च्या मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला याची नोंद) जायला हवी. ‘कुठेतरी भरावाला लागते’ म्हणणाऱ्या डंपरवाल्याला देऊ नका. ती कुणाच्या तरी शेतात किंवा ओढ्यात जाते, आणि जबाबदारी तुमच्यावरच राहते.

प्रश्न : अशा जागेवर दोन मजली तळघराच्या इमारतीत फ्लॅट घेतोय. बिल्डरला काय विचारू?

उत्तर : पहिला प्रश्न उपशाचा. तळघर खणताना पंप लावले की आजूबाजूचं दूषित पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. ते नाल्यात सोडलं का, आधी तपासलं का, आणि शेजारच्या बोअरवर काय परिणाम झाला, याची नोंद मागा. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पाणी त्याहून कितीतरी जास्त दूषित होईपर्यंत डोळ्यांना पिवळं दिसत नाही. दुसरा, ट्रायक्लोरोइथिलीन वापरलं असेल तर वाफ तळघरात येते : पायाखाली वाफरोधक पडदा आणि वायुवीजन आहे का, पडद्याचे सांधे तपासले का? तिसरा, उपायानंतरचा पडताळणी-अहवाल, छिद्रांच्या नकाशासह. ‘माती स्वच्छ आहे’ असं एका ओळीचं पत्र स्वीकारू नका.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांत संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी देण्याचं काम स्थानिक प्रशासनाकडे आहे. तुमची जागा यादीत आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

प्रश्न : कारखान्याला लागून आमची बैठी चाळ आहे. अंगणात पालक-मेथी लावतो. चालेल का?

उत्तर : माती तपासेपर्यंत जमिनीतली पालेभाजी नको. बाहेरून आणलेली माती मोठ्या कुंड्यांत भरून लावा, आणि कुंडीला नळाचं पाणी घाला, अंगणातल्या बोअरचं नाही.