आधी जागा सांग

बाळा,

तुझ्या प्रबंधाचा मसुदा वाचला. पहिलं प्रकरण अमेरिकेवर, भरगच्च. ‘आपल्याकडे’ हे दुसरं प्रकरण जेमतेम दोन पानांचं, आणि समासात पेन्सिलीने प्रश्न: लग्नाच्या हळदीत वाजणारा बेंजो, आपलं कळांचं तारवाद्य, लोकसंगीतात धरू की लोकप्रिय संगीतात? घणसोलीत वाढलेल्या, घरात धवलारीण, म्हणजे लग्नात धवले ही गाणी गाणारी, आजी असलेल्या मुलीला हा प्रश्न पडावा याचं वाईट वाटलं. थोडा रागही आला, तो या पत्रात दिसेल.

कुठल्या खान्यात बसवायचं ते नंतर. आधी जागा सांग. कुठे वाजलं, कशावर वाजलं, पैसे कोणी दिले, नाचलं कोण.

तुझंच पहिलं प्रकरण घे. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू. तारीख आणि पत्ता देऊन तू लगेच हिप-हॉपच्या व्याख्येकडे वळलीस. अगं, थांब ना त्या हॉलमध्ये जरा. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. त्याचं लहानपण जमैकातल्या किंग्स्टनमध्ये गेलेलं, जिथे रस्त्यावर स्पीकरांची रास लावून लोक नाचत. गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो, त्या तुकड्यालाच पोरं अंगात आल्यासारखी नाचतात, हे त्याने हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तेवढाच तुकडा तो लांबवत गेला. नाचणाऱ्यांचे पाय बघून हे संगीत घडलं. नाव मागाहून आलं.

रोलंडच्या टीआर-८०८ या तालयंत्राचंही तसंच. १९८० साली बाजारात आलं, खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून फारसं खपलं नाही, १९८३ साली बंद पडलं. सेकंडहँड दुकानांत किंमत उतरली आणि ज्यांना ड्रमर परवडत नव्हता त्यांच्या हाती ते लागलं. हिप-हॉप आणि टेक्नोचा ठोका असा स्वस्ताईतून आला. आणि खाने? १९४९ साली बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-मासिकाने ‘रेस रेकॉर्ड्स’ची, म्हणजे काळ्या लोकांच्या संगीताची, यादी ‘रिदम अँड ब्लूज’ नावाने छापायला घेतली. वाजवणारे तेच, ऐकणारे तेच, पाटी कचेरीत बदलली. म्हणून पाटीवरून इतिहास लिहू नकोस.

आता आपल्याकडे ये. बेंजोत तुला नुसती ‘परंपरा’ दिसते. ते वाद्य हातात तरी घेऊन बघ. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारख्या गोल कळा, उजव्या हातात तारा छेडायची पट्टी, तारांखाली पिकअप (तारांचा कंप विजेत पकडणारा तुकडा), आणि चिकटपट्टी गुंडाळलेली वायर थेट अ‍ॅम्प्लिफायरला. त्याचा मूळपुरुष जपानी: नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली बनवलेलं ताइशोगोतो. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, आणि पिकअप लागल्यावर टेम्पोवर चढून मिरवणुकीत शिरलं. शेजारी ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम), कीबोर्ड, ताशा. जपानी वाद्य, विजेचा आवाज, कोळीगीताची चाल, समोर नाचणारं अख्खं गाव. ब्राँक्सच्या हॉलपेक्षा हे कमी कसं?

आणि जागा तर तुझ्या पायाखाली आहे. १९७० साली नवी मुंबई वसवायला सरकारची सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. शेत गेलं तसं खळं गेलं. धवले आजीच्या गळ्यावर चालत, कारण अंगणात बायका जवळजवळ बसत. तीच हळद बिल्डिंगांमधल्या रस्त्यावर मांडवात आली, तेव्हा आवाज मोठा करावाच लागला, असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही. पुढे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहाची मर्यादा आली, आणि रात्रभर चालणारी हळद घड्याळाला बांधली गेली. कुठलं गाणं कधी वाजवायचं, हेही त्याने बदललं. हे सगळं तुझ्या दोन पानांत कुठे आहे?

मी ठाण्यात ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवला, नंतर साउंड लावला, हे तुला ठाऊक आहे. एका मासिकाला बेंजो ग्रुपांवर लेख दिला होता. संपादक म्हणाले, वादकांची आणि गावांची नावं काढा, ‘आगरी-कोळी लोकसंगीत’ असं मोघम ठेवा. मी लेख परत घेतला. घरचेही म्हणाले, छापून तर आला असता. आला असता, पण ठाण्याच्या चेंदणीतला कोण, दिवा गावातला कोण, कोणी कोणाला शिकवलं, हे गेल्यावर उरलं काय असतं? तो हट्ट बरोबर होता. त्यातले बरेच वादक आता नाहीत, आणि त्यांना कोणी विचारलंच नाही, हे मला रोज टोचतं. म्हणून तुझ्यावर एवढा ओरडतोय.

गाईडने खाना मागितला तर ‘लोकप्रिय’ लिही आणि पुढे हो, त्यावर आठवडा घालवू नकोस. तुमच्या गल्लीत ज्यांचा ग्रुप आहे त्यांच्याकडे जा. त्यांच्याकडे सुपारीची, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमांची, वही असणारच: तारीख, गाव, कोणाची हळद, विसार किती, बाकी किती, वादक कोण कोण. जुन्यात जुनी वही माग. प्रत्येक पानाचा फोटो काढ, हिशेबाच्या पानांचासुद्धा. आजीला बसवून विचार: पहिला बेंजो कोणाच्या मांडवात ऐकलास, आणि तेव्हा तुझ्या धवल्यांचं काय झालं? रागावली तर रागावू दे, रेकॉर्डिंग चालू ठेव, पण आधी तिला सांगून. ते घेऊन ये, मग दुसऱ्या प्रकरणाचं बघू.

तुझा,
काका