‘नाइस’चं मूळ शोधताना

‘पार्टी नाइस आहे’ असं आपण सहज म्हणतो, म्हणून शब्दांचं मूळ शोधायची सुरुवात याच इंग्रजी विशेषणापासून कर. लॅटिनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. त्यातून ‘नेस्किउस’, अर्थात अडाणी. (‘सायन्स’ही याच ‘स्कीरे’च्या घरचा!) जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा एखाद्याला ‘नाइस’ म्हणणं म्हणजे त्याला मूर्ख म्हणणं होतं. पुढे अर्थ सरकत गेला: फाजील चोखंदळ, नाजूक, मग बारकाईने पाहणारा. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या शब्दकोशात काटेकोर हाच अर्थ ठळक आहे. ‘छान’ त्यानंतर रुळला.

तालुक्याच्या वाचनालयात शब्दकोश उघडशील तेव्हा आधी प्रस्तावना वाच. विद्यार्थ्यांच्या कोशात रोजच्या वापरातला अर्थ पहिला असतो, मोठ्या ऑक्सफर्ड कोशात सर्वांत जुना. इथंच नवशिके फसतात आणि पहिला अर्थ म्हणजे मूळ अर्थ समजून बसतात. वहीत प्रत्येक अर्थापुढे साल आणि त्या काळचं एक वाक्य उतरव. वाक्य नसेल तर अर्थाची खात्री धरू नको.

मूळ सांगितलं म्हणून आजचा अर्थ बदलत नाही, हेही ध्यानात ठेव. जुना काटेकोरपणा मात्र ‘अ नाइस डिस्टिंक्शन’मध्ये टिकून आहे, तिथं ‘छान फरक’ लिहिलंस तर चुकलं. ‘सूक्ष्म फरक’ लिही.