उपवास ‘सोडणे’, ‘मोडणे’ आणि पारणे

एका वाचकाने घरातला प्रसंग कळवून प्रश्न विचारला आहे. श्रावणातल्या सोमवारी संध्याकाळी महादेवाची पूजा आटोपल्यावर त्यांच्या आईंनी “चला, उपास सोडायला बसू या” असे म्हणताच सात वर्षांच्या नातवाने विचारले, “आजी, बाबांनी तंबाखू सोडली, तसा तू उपास सोडलास?” त्यावरून वाचकांची शंका अशी, की ‘सोडणे’ म्हणजे टाकून देणे असेल, तर नीट पार पडलेल्या उपवासाला हे क्रियापद कसे लागते? बातम्यांत हल्ली ‘उपवास तोडला’ असे वाचायला मिळते, ते अधिक बरोबर मानावे का? आणि ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ यातल्या पारण्याचा या उपवासाशी काही संबंध आहे का?

नातवाचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण चार महिन्यांच्या व्रतकाळात आपण हे एकच क्रियापद खरोखरच दोन उलट दिशांनी वापरतो. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून पुढे चातुर्मासभर अनेक जण कांदा-लसूण ‘सोडतात’. म्हणजे खाणे थांबवतात. सोमवारी संध्याकाळी उपवास ‘सोडतात’. म्हणजे खायला सुरुवात करतात. एकीकडे सोडण्याने वर्ज्य करणे सुरू होते, तर दुसरीकडे सोडण्याने ते संपते, आणि तरीही मराठी माणसाचा यात कधी गोंधळ होत नाही. याचे कारण ‘सोडणे’चा मूळ अर्थ टाकून देणे हा नाही. बांधलेले, धरलेले किंवा अडवलेले मोकळे करणे हा तो अर्थ आहे. दाव्याची गाय सोडतात, पदराची गाठ सोडतात, धरणाचे पाणी सोडतात, आणि यांतले काहीच टाकून दिलेले नसते.

म्हणून ‘सोडणे’ समजून घ्यायचे तर त्याच्या जोडीचे ‘धरणे’ आधी पाहावे लागते. मौन धरतात आणि सोडतात, हट्ट धरतात आणि सोडतात, धीर धरतात आणि कधी सोडतात. त्याच चालीवर नेम धरतात आणि उपवासही धरतात. जे हातात घट्ट धरले होते, त्याची वेळ भरली की मूठ उघडायची, एवढेच या ‘सोडण्या’त आहे. तंबाखूने माणसाला धरलेले असते, म्हणून ती सुटली की सुटका होते; उपवास माणसाने स्वतः धरलेला असतो, म्हणून तो वेळेवर सोडला की पुरा होतो. फरक पडतो तो कोणी कोणाला धरले होते यावरून, आणि नातवाला नेमके हेच सांगावे.

यातही वचनाची एक बारीक खूण आहे, ती मराठीवर बाहेरून येऊन प्रेम करणाऱ्यांना शिकवण्यासारखी आहे. ‘तिने सोमवार सोडला’ म्हणजे त्या दिवशीचा उपवास संध्याकाळी पूर्ण केला. ‘तिने सोमवार सोडले’ म्हणजे वयामुळे किंवा प्रकृतीमुळे हे व्रत करणेच थांबवले. अनेकवचन झाले की एका दिवसाच्या उपवासाऐवजी उपवासांची परंपरा डोळ्यांसमोर येते, आणि परंपरा सोडणे म्हणजे ती थांबवणेच असते. ‘उपास सोडला’ आणि ‘उपास करायचे सोडले’ यांतला फरकही हाच आहे.

‘मोडणे’ याहून अगदी वेगळे. शब्द मोडतो, नेम मोडतो, लग्न मोडते. ज्याचा काळ अजून भरलेला नाही किंवा जे टिकायला हवे होते, ते मध्येच भंगणे म्हणजे मोडणे. दुपारी विसरून पोळीचा तुकडा तोंडात टाकला तर ‘उपास मोडला’. त्याच संध्याकाळी पूजेनंतर तीच पोळी खाल्ली तर ‘उपास सोडला’. पदार्थ तोच, माणूस तोच, फक्त वेळ बदलली आणि क्रियापद बदलले. ‘उपवास तोडला’ हा प्रयोग हा भेद पुसून टाकतो. तो हिंदी आणि इंग्रजी बातम्यांच्या भाषांतरातून आपल्याकडे शिरला आहे असे मला वाटते. खुद्द हिंदीतही उपवास यथाविधी संपवण्यासाठी ‘व्रत खोलना’ असा मोकळे करण्याच्याच अर्थाचा निराळा प्रयोग आहे. मराठीत फांदी तोडतात, संबंध तोडतात. श्रद्धेने पार पाडलेल्या गोष्टीला ते क्रियापद लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘उपास’ हे रूप अशुद्ध आहे का, असेही पुष्कळांना वाटत असते. ते अशुद्ध नाही. ‘उपवास’ या तत्सम शब्दाचे ते घरगुती तद्भव रूप आहे, आणि ‘उपाशी’ हाही ‘उपवासी’चाच पुत्र आहे. मात्र ‘उपासना’शी त्याचे नाते जोडू नये. उपासनेत ‘आस्’ म्हणजे बसणे हा धातू आहे, तर उपवासात ‘वस्’ म्हणजे राहणे. उपवास म्हणजे जवळ राहणे. ‘शतपथ ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथाच्या आरंभीच याची मोठी सुंदर उपपत्ती आली आहे. यज्ञाच्या आदल्या दिवशी देव यजमानाच्या घरी येऊन राहतात, म्हणून तो दिवस ‘उपवसथ’. आणि घरी आलेली माणसे जेवली नसताना आपण आधी जेवणे जर योग्य नाही, तर देव जेवले नसताना जेवणे कसे योग्य होईल, असा तिथे विचार मांडला आहे. न खाणे हा अर्थ या आतिथ्यातून आला आहे. बौद्धांचा ‘उपोसथ’ याच शब्दाचे पाली रूप आहे. आपले ‘उपोषण’ही याच धातूचे. पंचांगात व्रताच्या दिवसापुढे उपोषण असे छापलेले असते, पण बोलण्यात तो शब्द आता सार्वजनिक मागणीसाठी केलेल्या अन्नत्यागाकडे गेला आहे. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपूरला केले ते उपोषण होय. तेही सोडायचेच असते, तोडायचे नसते.

आता पारणे. संस्कृत ‘पारण’ किंवा ‘पारणा’ हा शब्द ‘पार’शी, म्हणजे पलीकडच्या तीराशी जोडलेला आहे. व्रत पैलतीराला नेणारे भोजन ते पारणे. काटेकोरपणे पाहिले तर सोमवारच्या किंवा संकष्टीच्या उपवासाला पारणे नसते, कारण त्याच रात्री जेवायचे असते आणि शास्त्रात अशा व्रताला ‘नक्त’ म्हणतात. एकादशीला मात्र अहोरात्र उपवास असतो आणि द्वादशीला पारणे. म्हणून सोमवार ‘सोडतात’ आणि एकादशीचे ‘पारणे करतात’. बोलण्यात ही सीमारेषा आता पुसट झाली आहे, पण जुन्या वळणाच्या घरांत ती अजून ऐकू येते.

पारणे हा व्रताचाच भाग कसा आहे, ते भागवताच्या नवव्या स्कंधातल्या अंबरीष राजाच्या कथेवरून कळते. अंबरीषाने वर्षभर द्वादशीव्रत केले आणि कार्तिकात तीन रात्री उपवास करून तो पारण्याला बसणार, तोच दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले आणि स्नानासाठी यमुनेवर गेले. ते परतेनात, आणि इकडे द्वादशीची जेमतेम एक घटका उरली. अतिथीच्या आधी जेवावे तर मर्यादा सुटते, न जेवावे तर पारण्याची वेळ टळून व्रतात उणेपणा येतो. शेवटी त्याने नुसते पाणी घेऊन पारणे केले, कारण पाणी पिणे हे खाल्ल्यासारखेही असते आणि न खाल्ल्यासारखेही. वेळेवर न सोडणे हाही उपवासातला दोषच, ही कल्पना ‘सोडणे’ म्हणजे हार मानणे असे समजणाऱ्याने मुद्दाम लक्षात घ्यावी.

‘डोळ्यांचे पारणे फिटले’ यातले पारणे हेच. फिटणे आणि फेडणे ही प्राकृतातल्या ‘फिट्टइ’, ‘फेडइ’ यांची मराठी रूपे. ऋण फिटते, पांग फिटतात, नवस फेडतात. म्हणजे वाक्प्रचाराचा अर्थ असा, की डोळे एखाद्या दर्शनावाचून उपाशी होते आणि त्यांचे देणे आज चुकते झाले. त्यामुळे आधीचा उपवास नसेल तर हा वाक्प्रचार पोकळ होतो. सहज नजरेस पडलेल्या फुलबागेने डोळे सुखावतात, निवतात. पारणे फिटत नाही. आळंदीहून पायी निघालेल्या वारकऱ्याला विठ्ठल दिसतो तेव्हा मात्र हे शब्द अक्षरशः खरे असतात. आषाढी एकादशी असल्यामुळे त्या दिवशी त्याच्या पोटाला उपवास असतो आणि डोळ्यांना पारणे.

‘घडणे’चाही उल्लेख करायला हवा. ठरवलेला नसताना परिस्थितीने न खाता राहावे लागले, तर ‘उपास घडला’ म्हणतात. महाशिवरात्रीच्या कथेतल्या व्याधाला रात्रभर झाडावर बसून असाच उपवास घडला. धरलेला नव्हता, म्हणून मोडण्याचा प्रश्नही नव्हता.

वाचकांनी पुढच्या सोमवारी नातवाला सकाळीही आजीजवळ बसवावे. पूजेच्या आरंभी त्या तळहातावर पाणी घेऊन व्रताचा उच्चार करतील आणि ते पाणी ताम्हनात सोडतील. त्या क्रियेला मराठीत ‘संकल्प सोडणे’ म्हणतात. ‘अमुक गोष्टीवर पाणी सोडले’ हा वाक्प्रचारही दानाच्या वेळी असेच उदक सोडण्यावरून आला आहे. सकाळी ज्या क्रियापदाने व्रत धरले, त्याच क्रियापदाने ते संध्याकाळी पुरे होते, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.